खाजगी जागेतले फोटो: परवानगी कुणाची घ्यायची आणि मागायची कशी?

कडीपाट
नमस्कार मंडळी.
गेली दोन वर्षं पुण्याच्या पेठांमधले जुने वाडे टिपतोय. टिपतोय म्हणजे रस्त्यावरून दिसतं तेवढंच. दिंडी दरवाजा (मोठ्या दारातलं छोटं दार), वरचा सज्जा, गणेशपट्टीवरचा झिजलेला गणपती. खरी मजा आत असते: चौक, हौद, सुरूदार खांब. आणि दर सहा महिन्यांनी त्यातल्या एखाद्या वाड्याच्या जागी हिरवी जाळी आणि पत्रे दिसतात.

परवा कसब्यात एका वाड्याची दिंडी उघडी होती. आत डोकावलो. चौकात, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बरोब्बर उन्हाची तिरीप. कॅमेरा काढला तोच वरून आवाज आला, "ओ, कोण पाहिजे?" म्हटलं, कुणी नाही, फोटो काढतोय. "कशाला?"

या 'कशाला'वर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाच मिनिटांत तिघे जमले. एकानं मला कॉर्पोरेशनचा ठरवलं, दुसऱ्यानं बिल्डरचा. तिसरे गृहस्थ अगदी हळू आवाजात म्हणाले, "मालकांनी पाठवलंय का?" मी बॅग उचलली आणि निघालो. तिरीप गेली ती गेलीच.

मी बँकेत नोकरी करतो, फोटो विकत नाही, फार तर घरच्या भिंतीवर लावतो. अशा हौशी माणसानं परवानगी मागायची कशी? आणि वाड्यात मालक, भाडेकरू, पोटभाडेकरू सगळेच असतील तर मागायची कुणाकडे? अनुभव सांगा.

झूमलेन्स
मागायचीच नाही. आधी फोटो, मग हसून 'नमस्कार काका'. परवानगी मागितली की माणूस शर्टाची बटणं लावून ताठ उभा राहतो. मग उरतो तो पासपोर्ट फोटो.

ताकपिठं
पुण्यात दुपारी एक ते चार या वेळेत दिंडीतून डोकावलात का? तसं असेल तर जिवंत परत आलात हेच खूप. दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.

हिरवा चाफा
झूमलेन्स, तुमचं उत्तर वाचून राहवलं नाही म्हणून लिहिते. माझं सगळं लहानपण शनिवारातल्या एका वाड्यात गेलं, आई अजून तिथेच राहते. दोन खोल्या आणि सामायिक चौक.

मागच्या वर्षी माझ्या एका मैत्रिणीनं इन्स्टावरचा एक फोटो पाठवला. फोटो उत्तम होता, खोटं कशाला बोलू. आमचा चौक, ओला फरसबंद, वर आडवी दोरी. दोरीवर आईचे परकर. खाली कुणीतरी लिहिलेलं, 'काळ जिथे थांबला आहे'. आईला दाखवला नाही.

काळ थांबलेला नाहीये हो. आम्ही थांबलोय, बावीस वर्षं, निकालासाठी. मालकांशी केस चालू आहे. दर पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना महापालिकेच्या नोटिसा लागतात. त्या दिवसांत गळ्यात कॅमेरा अडकवलेला माणूस भिंतीचा फुगवटा टिपताना दिसला की चौकातल्या सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. हा फोटो उद्या कुठल्या फायलीत लागेल? मूळ लेखात ते गृहस्थ हळू आवाजात 'मालकांनी पाठवलंय का' म्हणाले ना, ते का, हे मला बरोब्बर कळलं.

कडीपाट
हिरवा चाफा, हे डोक्यातच आलं नव्हतं. मी खरंच भिंतीच्या फुगवट्यावरच फोकस करत होतो.

झूमलेन्स
मान्य. दोरीवरचे कपडे मीही काढलेत, एकदा नाही, दहादा. बघतो कुठले काढून टाकता येतात ते.

काळाकोट
माझा धंदाच असल्याने थोडं कायद्याचं. (फुकट सल्ला, त्यामुळे किंमत तेवढीच.)

सार्वजनिक रस्त्यावर उभं राहून इमारतीचा फोटो काढायला सर्वसाधारणपणे कुणाची परवानगी लागत नाही. संरक्षण खात्याच्या किंवा 'निषिद्ध' जाहीर केलेल्या जागा सोडून. वास्तुविशारदाच्या स्वामित्वहक्काचीही भीती नको. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये वास्तूचा फोटो काढायला आणि छापायला सूट आहे.

उंबरठा ओलांडला की गोष्ट बदलते. फौजदारीपात्र अतिक्रमण पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ४४१ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये गेलं. नुसतं आत गेलात म्हणून गुन्हा होत नाही. गुन्हा करण्याचा, धाक घालण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा उद्देश लागतो. पण दुसरा भाग लोक वाचत नाहीत: रीतसर आत आलात आणि 'आता जा' म्हटल्यावरही त्रास द्यायला म्हणून तिथेच ठाण मांडलंत, तर तेही यातच येतं. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. राहत्या घरात घुसलात तर कैद एक वर्षापर्यंत.

आता कडीपाट यांच्या प्रश्नाचा गाभा. कलमात शब्द 'मालक' नाही, 'कब्जा' आहे. भाडेकरूच्या खोलीचा कब्जा भाडेकरूकडे. मालकानं होकार दिला म्हणून तुम्ही भाडेकरूच्या खोलीत शिरू शकत नाही. चौक, जिना, हौद सामायिक. तिथे दोघांनाही विचारणं शहाणपणाचं.

आणि फोटो कुठून काढला एवढ्यावर सगळं भागत नाही. फोटोत कोण आहे आणि काय करतंय हा वेगळा प्रश्न. रस्त्यावरून लेन्स लावून न्हाणीघराच्या खिडकीतून कुणा बाईकडे बघितलंत तर ते न्याय संहितेचं कलम ७७, चोरून बघण्याचा गुन्हा, आणि तिथे तुमची हौस कुणी ऐकून घेणार नाही.

मु. पो. शिरूर
वकीलसाहेब, आमच्याकडे या. सातबाऱ्यावर चौदा नावं. त्यातले दोघे स्वर्गात, एक दुबईत. परवानगी कुणाची?

काळाकोट
जो तुमच्यावर कुत्रं सोडू शकतो त्याची.

मु. पो. शिरूर
हा हा. पण विषय निघालाच आहे तर शेतकऱ्याची बाजूही ऐका. रस्त्याकडेला अर्धा एकर सूर्यफूल केलं होतं. फुलावर आलं आणि जत्रा सुरू झाली. मोटारी थांबायच्या, माणसं थेट पिकात. एक जोडपं तर फोटोवाला, मेकअपवाली आणि धुराच्या नळकांड्यांसह. प्रीवेडिंग म्हणे. पंधरा-वीस ताटं आडवी झाली. बोललो तर नवरदेव म्हणतो, "काका, पैसे घ्या ना." पैशाचं नाही हो. विचारलं असतं तर मीच दाखवलं असतं, त्या कडेला दोन ओळी विरळ आहेत, तिथे उभे राहा, मागे डोंगरपण येतो.

बांधावरून या, हाक मारा, कुणी दिसलं नाही तर बांधावरच थांबा. कोवळ्या पिकात पाय ठेवू नका. एवढं केलं तर आमच्या भागात कुणी नाही म्हणत नाही. चहापण मिळेल.

गुळव्या
कोल्हापूरकडं परवानगी मागायची पद्धत लई सोपी हाय भावांनो. गुऱ्हाळावर जायचं, 'काय मालक, आदण आलं का?' विचारायचं. लगेच कळतंय की ह्याला कायतरी म्हाईत हाय.

मी दरवर्षी दिवाळीनंतर दोन-तीन गुऱ्हाळं करतो. पहाटेचं जावं. चुलवाणात चिपाडाचा जाळ, काहिलीवर वाफ, त्या वाफेत माणसं निम्मी दिसत्यात निम्मी न्हाईत. असा उजेड जगात कुठं न्हाई. फक्त तीन गोष्टी पाळायच्या. काहील उतरवायच्या वेळी मधी यायचं न्हाई, उकळता पाक असतोय, थट्टा न्हाई. फ्लॅश मारायचा न्हाई, गुळव्याचं ध्यान पाकाच्या रंगावर असतंय. आन् काकवी प्यायला दिली तर नको म्हणायचं न्हाई.

पयल्या वर्षी मी फोटो काढलं आन् गेलो. दुसऱ्या वर्षी पंधरा प्रिंट काढून नेल्या, सा बाय आठच्या. जाळ घालणाऱ्या आजोबाला त्याची दिली. तो बघतच बसला. म्हणला, "मला वाटायचं मी अजून काळाच हाय, सगळी पांढरी झाली की रं." आता त्या गुऱ्हाळावर मला परवानगी लागत न्हाई, उलट उशीर झाला तर फोन येतोय.

ताकपिठं
गुळव्या, काकवीचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. फोटोचं नंतर बघू.

मांडवीकाठ
पणजीहून लिहितोय. फोंतेन्हास या इथल्या जुन्या वस्तीत आमच्या मावशीचं घर आहे, रस्त्याला लागून, पिवळी भिंत, निळ्या खिडक्या. म्हणजे कल्पना करा. सकाळी बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बैठकीत, चहा घेऊन बसायची तिची चाळीस वर्षांची सवय मोडली. कारण समोर कुणीतरी पोज घेऊन उभं असतं, आणि तिलाच म्हणतात, "आंटी, थोडं बाजूला."

कायदा म्हणेल रस्ता सार्वजनिक आहे. बरोबर. पण आमच्याकडच्या पायऱ्या रस्त्यातच उतरतात. पायरीवर बसलात की तुम्ही तिच्या घरात बसलात. तिथल्या रहिवाशांनी या त्रासाबद्दल वर्षानुवर्षं तक्रारी केल्या आहेत, कित्येकांनी पाट्या लावल्या. पर्र्याच्या पंचायतीनं तर २०१९ मध्ये त्या प्रसिद्ध माडांच्या रस्त्यावर फोटो काढायला शुल्कच लावलं होतं. ओरड झाल्यावर मागे घेतलं. मला ते शुल्क पटलं नव्हतं, पण चिडचिड पटली होती.

पार्ल्याची
अगदी हेच गिरगावात खोताच्या वाडीत. लाकडी जिने, कौलं, पूर्व भारतीय म्हणजे ईस्ट इंडियन मंडळींची जुनी घरं. होती त्यातली निम्मीही उरली नाहीत, म्हणून उरलेल्यांवर सगळ्यांचा कॅमेरा. मी गेले होते तेव्हा एका फाटकावर स्पष्ट पाटी होती, फोटो काढू नका. मी पाटीचाच फोटो काढला. आता वाटतं तोही नको होता काढायला.

चिकूवाडी
ईस्ट इंडियन म्हणजे पूर्व भारतीय असं भाषांतर करू नका हो, वाचणाऱ्याला ती माणसं बंगालची वाटतील! वसई-साष्टी-मुंबईचे मूळचे मराठीभाषक ख्रिस्ती लोक ते. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकऱ्यांशी जोडून घेतलेलं नाव.

पार्ल्याची
अरे हो, घाईत लिहिलं. धन्यवाद.

श्टुटगार्टकर
इकडे जर्मनीत गंमत बघा. रस्त्यावरून दिसणाऱ्या इमारतीचा फोटो प्रसिद्ध करायची मोकळीक कायद्यात आहे, पण ती खरोखरच 'रस्त्यावरून' लागते. व्हिएन्नातल्या एका प्रसिद्ध रंगीबेरंगी इमारतीचा फोटो समोरच्या घराच्या वरच्या मजल्यावरून काढला होता. तो कलाकृतीचा फोटो या सवलतीत बसत नाही, असा निकाल इथल्या वरिष्ठ न्यायालयानं २००३ मध्ये दिला. २०२४ मध्ये ड्रोनवरून काढलेल्या फोटोंबद्दलही तेच सांगितलं. म्हणजे शिडीवर चढलात की संपलं.

आणि माणसाच्या चेहऱ्याबद्दल १९०७ सालापासून कायदा आहे. त्यामुळे माझ्या अल्बममध्ये दहा वर्षांत मुख्यतः झाडं, पूल आणि पाठमोरी माणसं जमलीत.

ताकपिठं
पाठमोरी माणसं तर आमच्याकडे सरकारी कार्यालयातही मिळतात.

निम्नस्वाक्षरी
ड्रोनवरून आठवलं. आमच्या सोसायटीच्या गच्चीवरून पर्वती फार छान दिसते. मी सोसायटीचा सभासद, तिथेच राहतो. तरी तिपाई घेऊन गेलो तर वॉचमन म्हणे, सेक्रेटरींची चिठ्ठी आणा. सेक्रेटरी म्हणे, कमिटीत ठेवतो. कमिटीच्या पुढच्या बैठकीत विषय क्रमांक सात: 'श्री. अमुक यांचा सूर्यास्त'. मंजूर झाला, पण सूचक आणि अनुमोदक मिळेपर्यंत सूर्य दक्षिणायनात गेला.

धडा एवढाच मिळाला की तिपाई दिसली की लोकांना शूटिंग वाटतं. हातात मोबाइल असेल तर तुम्ही पाहुणे, खांद्यावर तिपाई असेल तर तुम्ही कंपनी. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांतही साध्या कॅमेऱ्याला सहसा अडवत नाहीत, तिपाई लावली की परवानगीचा कागद मागतात. पहिल्या भेटीला तिपाई घरीच ठेवा.

मावळतीकर
थोडं उशिरा आलो धाग्यावर. वाड्यांचे फोटो मी पंधरा-सोळा वर्षं काढतोय, वाई, सासवड, चांदोरी या बाजूला जास्त. मला काय जमलं ते सांगतो, नियम म्हणून नव्हे.

पहिल्या खेपेला कॅमेरा बॅगेतच. दिंडीबाहेर उभं राहून हाक, आतून 'या' आल्याशिवाय पाय आत नाही. स्वतःचं नाव आणि गाव आधी. आपल्याकडे 'तुम्ही कुठले?' या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढचं काही ऐकूच येत नाही लोकांना. मग 'कशाला'चं उत्तर. ते खरं द्यायचं. मी सांगतो, माझ्या आजोळचा वाडा पडला, त्याचा एकही फोटो नाही, फक्त एका मुंजीच्या फोटोत मागे अर्धा खांब दिसतो. हे खरं आहे. म्हणूनच ते चालतं.

मोबाइलमध्ये आधीचे दहा-बारा फोटो दाखवतो. मग विचारतो, काय काढू नको? 'फोटो काढू का' याला नाही म्हणणं सोपं असतं. 'काय नको' विचारलं की माणूस विचार करायला लागतो: देवघर नको, पलीकडची खोली नको कारण ती धाकट्याकडे आहे आणि आमचं बोलणं नाही, बाकी काढा. देवघर सोवळ्याचं असतं, आपणहून तिकडे वळू नये. घरातल्या बायकांची वेगळी विचारणा करावी, पुरुषमाणूस परस्पर 'काढा हो' म्हणतो ते धरू नये.

आणि ठिकाण जाहीर करायचं नाही. मी केलं, ती चूक मला महागात पडली. एका गावात माळवदाच्या घरात गव्हाणी घुबडाचं घरटं होतं. मालकांनी प्रेमानं दाखवलं. मी फोटो टाकला, खाली गावाचं नाव लिहिलं. पुढच्या दोन रविवारी तिथे माणसंच माणसं. घुबडांचं काय झालं ते विचारायला मला फोन करायचं धैर्य झालं नाही. परवानगी एकट्या मला होती. मी ती परस्पर वाटून टाकली.

जिथे मालकांनीच येणाऱ्या-जाणाऱ्यांची सोय ठेवली आहे तिथून सुरुवात करा. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे, खाजगी मालकीचा, पण लोक बघायला जातात आणि तिथल्या माणसांना कॅमेऱ्याची सवय आहे. घाटावरची वसईच्या मोहिमेतून आणलेली मोठी घंटाही बघून या. सावंतवाडीचा राजवाडा असाच, आत गंजिफा (खेळायचे गोल पत्ते) रंगवण्याचं काम चालतं. तिथे आत काय टिपायचं आणि काय नाही ते आधी विचारा.

चिकूवाडी
'काय काढू नको' हे फार आवडलं. चोरतेय.

काळाकोट
मावळतीकरांना एक पुरवणी. होकार मिळाला की घरी येऊन व्हॉट्सॅपवर दोन ओळी पाठवा: 'आज चौकाचे आणि माडीचे फोटो काढू दिल्याबद्दल आभार, हे प्रदर्शनाला पाठवले तर आधी विचारीन.' तिकडून अंगठा आला की लेखी झालं. आणि हौशी ते धंदेवाईक ही रेघ बारीक असते. फोटो विकणारी संकेतस्थळं आणि काही स्पर्धा जागेच्या मालकाचं संमतिपत्र मागतात. तेव्हा धावपळ होते, कारण तोवर वाडाच नसतो.

झूमलेन्स
त्या दिवसापासून सहा फोटो काढून टाकले. एक ठेवलाय, त्यात फक्त दोरी आहे. चालेल का, हिरवा चाफा?

हिरवा चाफा
दोरी मालकांची आहे. त्यांना विचारा.

कडीपाट
मंडळी, पाच आठवड्यांनी परत आलोय. वृत्तांत देतो.

मावळतीकरांच्या पद्धतीनं गेलो, कॅमेरा बॅगेत, बॅग पाठीवर, वेळ साडेचार. हाक मारली. पहिल्या दिवशी नुसता चहा झाला. वाडा दोन भावांचा. थोरले वाड्यातच राहतात, धाकटे कोथरूडला. भाडेकरू तीन. थोरल्यांनी 'काय नको' वर बराच विचार केला आणि म्हणाले, "पडझड काढू नका. लोकांना वाटतं आम्ही मुद्दाम पडू देतोय." मी शब्द दिला. धाकट्यांना फोनवर विचारलं, ते म्हणाले, दादा म्हणेल तसं. भाडेकरूंपैकी दोघांनी खोल्यांना नाही म्हटलं, चौकाला हरकत नाही.

रविवारी सकाळी तीन तास मिळाले. हौद, खांब, माडीची तक्तपोशी (लाकडी छत). तिसऱ्या पायरीवरची तिरीप मात्र हुकली, सूर्य सरकलाय, आता ती पाचवीवर येते. पाचवी पायरी तुटकी आहे, म्हणजे दिलेल्या शब्दात बसत नाही.

निघताना तिसऱ्या भाडेकरू आजींनी आत बोलावलं. एकट्याच असतात, ब्याऐंशीच्या आहेत. मला वाटलं त्यांना त्यांचा फोटो हवा असेल. त्यांनी छताकडे बोट केलं. अर्ध्या छताला ओल, एका तुळईला वाळवी. म्हणाल्या, "एवढा मोठा कॅमेरा आणलायस ना, मग हे काढ नीट. तारखेसकट. वकिलांना द्यायचेत." खोली त्यांची, म्हणजे कब्जा त्यांचा, म्हणजे परवानगी पक्की. आणि तिकडे थोरल्यांना मी शब्द देऊन बसलोय.

आजींना म्हटलं, पुढच्या रविवारी येतो. आता काय करू?

काळाकोट
मोबाइल त्यांचा वापरा, बटण त्यांना दाबू द्या. तुम्ही फक्त स्टूल धरा. नाहीतर साक्षीला यायची तयारी ठेवा, तारखा मी सांगतो तशा पडतात.

ताकपिठं
वाड्याचा फोटो काढायला गेला आणि वाड्याच्या केसमध्ये अडकला. अभिनंदन, आता तुम्ही पेठेतले झालात.

हिरवा चाफा
स्टूल मी आणते, माझ्या आईकडे आहे. ब्याऐंशीच्या बाईंना त्यावर चढवू नका, मोबाइल काठीला बांधा. आणि थोरल्यांना आधी सांगून टाका. ते चिडतील, पण त्यांना ती ओल माहीत नाही असं थोडंच आहे?

कडीपाट
सांगतो. शनिवारी संध्याकाळी जाईन, साडेचारला. बरोबर कुणाला यायचंय?

गुळव्या
मी हाय पुण्यात. काकवी घेऊन येतो, भांडण झालं तर उपयोगी पडंल.